पिकअपचं झाकण

मंगळवार, संध्याकाळ

नव्या पिकअपले मागं कंपनीचं फायबरचं झाकण लावायचं, की बाहेरून ताडपत्रीचं शिवून घ्यायचं? शोरूमवाल्या भैयानं झाकणावर बोटं वाजवून दाखवली. "एकदम मजबूत." मी उठून बाहेरच आलो.

जुन्या गाडीलेही कंपनीचंच होतं. बाबाले दवाखान्यात नेताना पाऊस होता, म्हणून मागं गादीवर झोपवून झाकण लावलं. वाटेत ठकठक ऐकू आली. मले वाटलं, जॅक हलून राहिला. थांबलो काहून नाही? उघडलं तेव्हा बाबा गेले होते.

घरी बायकोले म्हटलं, "ताडपत्रीच घेऊ."

"काहून?"

मग पहिल्यांदाच तिले त्या ठकठकीचं सांगितलं. त्या दिवशी ती माझ्या शेजारीच बसली होती.

ती म्हणाली, "मलेही ऐकू आली होती."