सदर प्राणी व निळ्या फुलांचा गाऊन

४ फेब्रुवारी
आज मेव्हणी एक कुत्री ठेवून गेली. दाराशी पार्सल ठेवावे तशी. ताई गेल्यापासून घर खायला उठते, सोबतीला कुणीतरी हवे, असे तिचे म्हणणे. मी प्राचार्यपदावरून निवृत्त झालो आहे, मनुष्यपदावरून नव्हे, हे तिला स्पष्ट सुनावले. त्यावर ती म्हणाली, भावोजी, या कुत्रीला घरी आणीन असा शब्द ताईने दिला होता, आता तो तुमच्या गळ्यात.

पत्नी, म्हणजे तिची ताई, दर गुरुवारी प्राण्यांच्या एका आश्रमात जाऊन म्हाताऱ्या कुत्र्यांचे केस विंचरीत असे. करुणेच्या या घाऊक दुकानाविषयी माझे मत तिला ठाऊक होते. विंचरून कुत्रा तरुण होत नाही.

सदर प्राणी वृद्ध असून एक डोळा निकामी, दात नाममात्र, मानेवर साखळीचा व्रण. आधीचा मालक काठीने बडवीत असे म्हणे. आश्रमवाल्या बाईंनी महिन्याची मुदत दिली आहे. रुळली नाही तर परत नेणार. महिना कशाला? पंधरवड्यात शिस्त लावतो, दिवंगत व्यक्तीचा शब्द पाळतो आणि साभार परत करतो.

शिवाय येत्या रविवारी पत्नीचे कपाट रिकामे करणे; कपडे मेव्हणी नेणार आहे. कपडे जपून ठेवणारी माणसे मला कधीच कळली नाहीत.

५ फेब्रुवारी
सदर प्राणी पलंगाखाली. मी घसा खाकरला, तर त्याने तिथेच लघवी केली. माझ्या खाकरण्याने कॉलेजचा अख्खा कॉरिडॉर चिडीचूप होत असे. परंतु ओला कधी झाला नव्हता.

मेव्हणीला फोन केला. म्हणाली, अहो, तुम्ही खाकरलात की आम्हीसुद्धा पदर सावरून बसतो, ती तर बिचारी मुकी. मेव्हणीला विनोदाची हौस आहे, बुद्धीची नाही.

आजपासून खाकरणे तात्पुरते बंद.

७ फेब्रुवारी
अन्नाला तोंड लावलेले नाही. वाटी ठेवून समोर खुर्ची टाकली आणि परीक्षेच्या हॉलवर बसावे तसा बसलो. परिणाम शून्य. जनावरांचे डॉक्टर येऊन गेले. म्हणाले, सर, तिला बाप्यामाणसाची दहशत आहे, तुम्ही जरा बाहेर व्हा बघू. माझ्याच खोलीतून मला बाहेर काढणारी ही दुसरी व्यक्ती. पहिली फोटोत आहे.

बाहेर झालो. तरीही खाल्ले नाही. डॉक्टर दारात हळूच म्हणाले की, असेच चालले तर काही खरे नाही. आणि आश्रमात परत गेली तर या वयात तिला दुसरे घर मिळायचे नाही. मी म्हणालो, तो आश्रमाचा प्रश्न. अगदी शांतपणे म्हणालो. नंतर भात मऊ करून पाहिला.

१० फेब्रुवारी, रविवार
ठरल्याप्रमाणे कपाट उघडले. कपडे पलंगावर काढले. आत खुंटीला टांगलेला निळ्या फुलांचा गाऊन खाली पडला आणि पलंगाखालून सदर प्राणी बाहेर आला! गाऊनमध्ये नाक खुपसून उभा राहिला. त्याला शेपटी हलवता येते, हे आज समजले. गाऊन ओढू लागताच माझ्यावर गुरगुरला. वाटी गाऊनपाशी सरकवली. चाटूनपुसून साफ.

निष्कर्ष: कुत्री पत्नीला वासाने ओळखते. यात मला हेवा वाटण्याचे कारण नाही.

कपडे परत कपाटात. पुढील रविवारी नक्की.

१२ फेब्रुवारी
गाऊन जमिनीवर लोळतो, कालवणात बुडतो. तो जमिनीपासून वर राहावा यासाठी अंगावर घालणे हाच एक शास्त्रशुद्ध उपाय होता. कुत्री हातातून खाते. पेपरवाला दारात पेपर द्यायचे विसरून पाहत राहिला. मी त्याला सुट्टे पैसे नाहीत असे सांगितले. त्याने मागितले नव्हते.

१५ फेब्रुवारी
गाऊनची दशा पाहवेना. माणसाने कितीही प्रयोग करावेत, गबाळेपणा करू नये. मशीनमध्ये घातला, वर सुगंधी द्रव ओतला, इस्त्री केली. आता तो नीटनेटका दिसतो.

१६ फेब्रुवारी
कुत्रीने गाऊन हुंगला, माझ्याकडे पाहिले आणि पलंगाखाली गेली.

मीही हुंगला. जगात कुठेही न उगवणाऱ्या फुलांचा वास.

सबंध कपाट उपसले. प्रत्येक वस्तू धुतलेली, घडी केलेली. पत्नी गेल्यावर पहिल्याच आठवड्यात सर्व काही लाँड्रीत पाठवणारा शिस्तप्रिय गृहस्थ कोण, हे इथे लिहिण्याची आवश्यकता नाही. हा एक गाऊन तेवढा त्याच्या नजरेतून सुटला होता.

१८ फेब्रुवारी
पाणीसुद्धा नको म्हणते. आश्रमवाल्या बाईंना गाऊनच्या वासासकट सगळे कळवले. उद्या न्यायला येतात. योग्यच आहे.

दुपारी तो निरुपयोगी गाऊन घालून पलंगापाशी जमिनीवर बसलो. आर्जव करायला नव्हे. गुडघा धरला म्हणून. दुसरे कोणी ऐकायला नसल्याने म्हातारीलाच सांगितले, बाई, वास मी घालवला. खाकरलो नाही, त्यामुळे आवाज जसा आला तसाच येऊ दिला.

मग हाताला काहीतरी ओले लागले. नाक होते.

१९ फेब्रुवारी
आश्रमवाल्या बाई आल्या. दार उघडले. त्या माझ्याकडे आपादमस्तक पाहून म्हणाल्या, सर, निळा रंग खुलतो हो तुम्हाला! घाईत अंगावर तसाच राहिला होता. म्हातारी माझ्या मागे उभी, तोंडाला भात लागलेला. बाईंनी गाऊन हुंगून पाहिला; म्हणाल्या, अहो, याला तर नुसता साबणाचा वास येतोय, मग ही खाते कशी? मला कारण सापडलेले नाही. म्हातारीची अक्कल बेताचीच आहे.

नेऊ का मग, असे त्यांनी विचारले. या वयात प्रवासाची दगदग अनुचित, असे मी उत्तर दिले. त्या हसल्या. मी खाकरणार होतो, आवरले.

मेव्हणीचा फोन आला. कपडे न्यायला कधी येऊ, भावोजी? तिला कळवले: माझी काहीच अडचण नाही, म्हातारीची हरकत आहे.