टायरच्या आतून फिरवलेलं बोट

अप्पा, सकाळी घमेल्यात पाणी भरून ठेवणं हे माझं पहिलं काम. मग एस.टी. स्टँडबाहेरच्या लिंबाखालची जागा झाडायची, तुमची पेटी उघडायची, पंप आणि पाने गोणपाटावर मांडायचे. सुटे भाग ज्या वर्तमानपत्रांत गुंडाळून येत, ते तेलकट कागद मी सरळ करून तुम्हाला वाचून दाखवायची. सातवीनंतर माझी शाळा सुटली, पण वाचन त्या कागदांमुळे टिकलं. त्या दिवशी पोस्टमनच्या सायकलचं पंक्चर तुम्ही मला काढायला दिलंत. मी ट्यूब पाण्यात बुडवली, बुडबुडा शोधला, ठिगळ लावलं, हवा भरली. तासाभरात पोस्टमन सायकल ढकलत परत. तुम्ही टायर उतरवलंत, माझं बोट धरून आतून फिरवलंत, आणि काटा टोचला. "काटा आतच आहे. मग तू काढलंस काय?" एवढंच म्हणालात. पोस्टमनसमोर मला रडू आलं, त्याची लाज कितीतरी दिवस गेली नाही.

यजमानांना जुरोंग आयलंडवरच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात नोकरी लागली आणि मी सिंगापूरला आले. पहिल्याच वर्षी गणपतीच्या आरतीनंतर एका बँकवाल्याच्या बायकोनं विचारलं, वडील काय करायचे. सायकलच्या स्पेअर पार्ट्सचा बिझनेस, मी म्हणाले. यजमानांनी ऐकलं. घरी येताना बसमध्ये म्हणाले, "त्यांनी काढलेलं पंक्चर पुन्हा होत नसे, तेवढं तरी सांगायचंस." यजमानांना जाऊन सहा वर्षं झाली. अजूनही सकाळी चहाचं आधण दोघांचं ठेवलं जातं. आणि ते खोटंही तसंच राहिलं. तुमच्या नातीलाही तेवढंच ठाऊक.

ती आता चाळिशीला आली, बँकेत आहे. मरीन परेडच्या आमच्या फ्लॅटमधून पहाटेच सायकल घेऊन निघते. गेल्या महिन्यात ती आणि तिची चिनी मैत्रीण आखातातल्या एका शहरी गेल्या, त्या शहराला वळसा घालून वाळवंटातून जाणारा लांबलचक सायकलमार्ग एका दिवसात पुरा करायला. मलाही नेलं, शेजारच्या रस्त्यानं पाणी आणि सामान घेऊन मागून येणाऱ्या गाडीत बसवून. अप्पा, फक्त सायकलींसाठी गुळगुळीत डांबरी रस्ता! दोन्हीकडे वाळू, मधूनच खुरटी काटेरी झाडं, लांबवर काचेच्या इमारती. तुम्ही आधी गोणपाट टाकायला सावली शोधली असती.

अर्ध्याहून जास्त रस्ता झाला आणि मुलीचं मागचं चाक बसलं. तिनं नवी ट्यूब घातली. थोडं पुढे जाते तर तीही बसली. शेवटची ट्यूब हातात घेऊन ती रस्त्याकडेला बसून राहिली. हीही गेली तर सायकल गाडीत टाकायची आणि वर्षभराची तयारी फुकट. मी खाली उतरले. "आई, डोन्ट टच लाह, हात काळे होतील," ती तिच्या सिंगापुरी ढंगात म्हणाली. मी टायर मागून घेतलं आणि आतून बोट फिरवलं, सावकाश, पूर्ण फेरा. टोचलं. केसाएवढा काटा नखानं ओढून तिच्या तळहातावर ठेवला. मग ट्यूब बसवली, आधी थोडी हवा भरून कुठे पीळ पडला नाही ना ते पाहिलं, आणि उरलेली नंतर. मैत्रीण म्हणाली, "आंटी, यू व्हेरी प्रो लाह. हू टॉट यू?"

अप्पा, मी यूट्यूब म्हणाले.

ऊन उतरायच्या आत तिनं रस्ता पुरा केला. ते चाक शेवटपर्यंत टणक राहिलं. ती हात वर करून येताना दिसली तेव्हा माझा ऊर भरून आला. तिचा अभिमान होताच, तुमचाही होता, आणि खरं सांगते, माझ्या बोटाचाही. हॉटेलात नखांतला काळा रंग मी धुतला नाही.

तुम्हाला वाचता येत नव्हतं, तेव्हा हे पत्र कुठे पाठवायचा प्रश्नच नाही. पण कबूल करायचं होतं. मला तुमच्या कामाची लाज वाटत होती, तुम्ही गेल्यावरही.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याच्या टेबलावर मी दोघींना सांगितलं की माझे वडील स्टँडबाहेर झाडाखाली बसून पंक्चर काढायचे, आणि मला त्यांनीच शिकवलं.