फाटकावरचा माणूस

प्रिय धाकट्या,

पत्र बघून घाबरू नकोस, मी धडधाकट आहे. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून लिहिते.

काल डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढून माझा कॅन्सर समजावला. आपल्या रक्तात पहारेकरी पेशी असतात, परका दिसला की त्याला धरणाऱ्या. ही गाठ त्यांनाच खोट्या खुणा पाठवून आपल्याकडे वळवते. मग तेच पहारेकरी तिला वाट मोकळी करून देतात आणि तिच्या पेशींना सोबत करत अंगभर पोचवतात. मला हसू आलं. बाईंना वाटलं, धक्का बसला.

मला आमच्या कारखान्याचं फाटक आठवलं. तेवीस वर्षं मी तिथे पहाऱ्याची प्रमुख होते. शिक्क्याचा कागद दिसला की फाटक उघडायचं, हा नियम माझाच. चोरांनी शिक्काच बनवून घेतला, आणि आमच्या मिशाळने, माझ्या सगळ्यात इमानी माणसाने, तांब्याच्या तारेची भेंडोळी सहा महिने स्वतःच्या हाताने त्यांच्या गाडीत चढवली. वर सलामही ठोकला. मालक म्हणाले, काढून टाका. मी हटून बसले. तो फितूर नव्हता, फसला होता. त्यालाच पुन्हा फाटकावर उभा केला. चोरांची चाल त्याला पाठ होती, पंधरा दिवसांत त्याने टोळी पकडून दिली.

नवं औषध म्हणे असंच करतं, वळवलेल्या पेशींना कामावर परत आणतं. अजून चाचणी चालू आहे, खात्री कोणी देत नाही. खात्री मागतंय कोण? मला झुंजायचंय.

आता मुद्द्याचं. त्या चाचणीच्या यादीतून माझं नाव का गळलं, तेही काल कळलं. सोबतीचा नातेवाईक म्हणून तुझी सही लागत होती. तू परस्पर फोन करून सांगितलंस, ताईला आता त्रास नको, तिचीही इच्छा नाही. इतकी चिडले की हातातला कप आपटला, त्याचा कान तुटला. मग तुझा चेहरा आठवला. भीतीने तुला खोटा शिक्का दाखवला आणि तू मायेपोटी फाटक उघडून दिलंस. मिशाळला मी काढलं नव्हतं, तुलाही काढत नाही. नाव पुन्हा घातलंय. सोमवारी सकाळी आठला दवाखान्याच्या दारात हजर राहा आणि सही कर. रडायचं असेल तर घरून रडून ये.

तुझीच, अजून ड्युटीवर असलेली,
ताई