कमरबीचं नाक

१५ सप्टेंबर
आजपासून आपण सोलापूरकर. दोन बॅगा, एक कुकर आणि लग्नात आलेली शेगडी घेऊन माढ्याहून निघालो आणि जुळे सोलापुरात मुक्काम टाकला. दोन खोल्या, एक गॅलरी आणि दाराला कर्कश बेल. संस्कृतीला ही बेल आवडणार. माझी बायको दार उघडेपर्यंत बेलवरचं बोट काढत नाही. माढ्याच्या शाळेतली नोकरी सोडून ती दिवाळीला कायमची इकडे येतेय. तोवर घर लावून ठेवायचं.

मी काय काम करतो, हे सासऱ्यांना अजून नीट सांगितलेलं नाही. सिलिंडर भरायच्या कारखान्यात मी गॅसला वास लावतो. गॅसला स्वतःचा वास नसतो, म्हणून गळती कळावी यासाठी त्यात मर्कॅप्टन मिसळतात. गंधकाच्या घराण्यातलं द्रव्य. कुजका कोबी आणि लसूण गटारात शिजवल्यासारखा वास. थेंबभर सांडलं तरी अख्खी कॉलनी नाक धरते. खाणीत आग लागली तर खालच्या मजुरांना इशारा म्हणूनही असलाच वास हवेत सोडतात. पस्तीस अंशांना ते उकळायला लागतं आणि सोलापूरचं ऊन त्याच्यावर, म्हणून पिंपांवर कायम ओली पोती.

२३ सप्टेंबर
डब्याची सोय झाली. कारखान्यात डबे पोचवणारी कमरबी ज्वारीची भाकरी अशी करते की शेंगाचटणीबरोबर मी चार कधी खाल्ल्या ते कळत नाही. तिच्या नाकाचा मोठा बोलबाला. कागदात गुंडाळलेलं वांगं शिळं आहे की ताजं, ते न उघडता सांगते. तिचा नवरा मकदूम रिक्षा चालवतो. चोरून ओढलेली विडी कधी पचली नाही, अशी त्याची तक्रार. मला म्हणाली, "सायेब, तुमी येताय ते मला गेटावरनंच कळतंय की."

संस्कृतीसाठी कागदावर सूचना लिहून ओट्यावर चिकटवल्या. वास आला तर खिडक्या उघड, कॉक बंद कर. बटण दाबू नको, बेलही नको, एक ठिणगी पुरते. आणि नाकावर फार विसंबू नको, थोड्या वेळानं नाक दमतं आणि वास असूनही येत नाही.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी
चन्नप्पानं पंपाची साग्रसंगीत पूजा केली. मर्कॅप्टन सोडणारा पंप त्याच्या ताब्यात असतो. झेंडूची माळ, हळदकुंकू, नारळ. पूजलेल्या यंत्राला उद्यापर्यंत हात लावायचा नाही. तेवढ्यात टँकर आला आणि सणाची मागणी म्हणून मालकांनी भरणी सुरू करायला लावली. पंपाचं विचारलं तर म्हणाले, तुम्ही बघा.

मी बघितलं. कुंकू ओलं होतं, चन्नप्पाचा चेहरा उतरला होता, आणि खरं सांगायचं तर एक दिवस त्या वासाशिवाय जाणार म्हणून मलाच बरं वाटत होतं. पंप बंद ठेवून गाड्या सोडल्या. कमरबीला आजच्याच भरणीतलं एक सिलिंडर दिलं. सण आहे म्हणून तिला ताटकळत ठेवलं नाही.

५ ऑक्टोबर
कमरबी गेली. सकाळी भाकरीसाठी काडी ओढली आणि पत्र्यासकट घर उडालं. मालकांनी बाकीची सिलिंडरं गुपचूप परत आणवली. चौकशीचे साहेब आले. मी जबाब दिला, पंप चालू होता. म्हातारीला सर्दी होती, नाक चोंदलेलं असणार. चन्नप्पा खाली बघत उभा राहिला.

७ ऑक्टोबर
मकदूम गेटावर आला. आरडाओरडा नाही, शिवी नाही. तिचे भाऊ म्हणतायत, निष्काळजी बाईनं घर जाळून घेतलं. त्याला एकच हवंय. "तिचं नाक चांगलं हुतं, एवढं लिवून द्या, सायेब. दुसरं कायबी नको."

नाही देता येणार. लिहिलं की नोकरी गेली, बहुतेक तुरुंगही. संस्कृतीनं तिकडे राजीनामा दिलाय. रिक्षा वळेपर्यंत मी त्याच्याकडे पाहिलं नाही. मला माझीच किळस येतेय.

१० ऑक्टोबर
घरात मर्कॅप्टनचा वास. नळीला साबणाचा फेस लावून पाहिला, एकही बुडबुडा नाही. शेजाऱ्यांना बोलावलं. त्यांना कसलाच वास येत नाही.

१२ ऑक्टोबर
कपडे ब्लीचिंगच्या पाण्यात बुडवले, तरीही वास. उशीत, भातात, प्यायच्या पाण्यात.
दुपारी दाराबाहेर डबा. आत गरम भाकरी. तोंडाजवळ नेली आणि उलटी झाली.

१४ ऑक्टोबर
रेग्युलेटर उघडा सापडला. बंद केला. आंघोळ करून आलो तर परत उघडा. खटक्यावर ज्वारीचं पीठ, आणि त्यात बोटांचे ठसे. बारीक, बाईचे.

१५ ऑक्टोबर
चन्नप्पानं काम सोडलं. जाताना एवढंच म्हणाला, लिवून द्या, सायेब.
नाही. परवा संस्कृती येतेय.

१६ ऑक्टोबर
भर दुपारी ओट्याशी भाकरी थापल्याचा आवाज. गेलो तर कुणी नाही. रिकाम्या स्वयंपाकघराला ओरडून सांगितलं, लिहून देणार नाही, काय करायचं ते कर.
आवाज थांबला. कुणीतरी जवळ येऊन माझा चेहरा हुंगला.

१७ ऑक्टोबर, वसुबारस
वास गेला. सकाळपासून काहीच नाही. सुटलो.

दुपार
साबण हुंगला, वास नाही. कांदा चिरला. डोळ्यांतून पाणी आलं, वास नाही. अत्तर नाही, रॉकेल नाही—

संध्याकाळ
स्वयंपाकघरात फुसफुस. खटका पिठानं निसरडा, फिरत नाही. खिडक्या निघत नाहीत. दाराची कडी— कडीवरही पीठ—
डोकं जड झालंय. किती वेळ चालू आहे कुणास ठाऊक. मला कळलंच नाही—

लिहून देतो. मकदूम, घे. कमरबीचं नाक चांगलं होतं. पंप बंद होता. बंद मी ठेव—

जिन्यात संस्कृती. कुणाला तरी म्हणतेय, केवढा घाण वास येतोय इथं—
ओरडतोय. घशातून आवाज फुटत नाही. तोंडावर हात आहे कुणाचा तरी, पिठाचा—
संस्कृती, बेल नको, बे