येळवशीच्या दिवशी स्लॅब

प्रिय मामा,

ह्या कोर्सचा खरा खर्च आधी सांगतो: सहा रविवार, एक नवा चष्मा आणि ह्या वर्षीची येळवस.

कामाचं नियोजन शिकवणारा कोर्स! पंचवीस वर्षं बांधकामं घेणारा मी धाराशिवला बाकावर बसलो. सरकारी कामाला आता तक्ता लागतो, आणि तुम्ही देवाघरी गेल्यापासून माझ्या साईटवर तुमच्यासारखा मिस्त्री राहिला नाही. आज शेवटच्या तासाला मॅडम म्हणाल्या, "कुठं चुकलं ते एका पानावर लिहा." पान पुढं ओढलं आणि तुम्हालाच लिहायला लागलो. दुसऱ्या कुणाला विचारू?

पहिल्या रविवारी मात्र छाती काढून सांगितलं होतं, "माझं एकही काम आजवर तारखेला चुकलं नाही." टाळ्या पडल्या!

मग शाळेच्या दोन खोल्यांचा तक्ता केला. पोरं देवळात बसून शिकतायत, होळीच्या आत खोल्या द्यायच्यात. कुठलं काम कुठल्या कामासाठी थांबतं, सगळं रंगवलं. मजुरांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलं. सगळ्यांनी हात जोडल्याचं चित्र धाडलं.

स्लॅबच्या दिवशी खडी होती, वाळू होती, मिक्सर होता. माणूस एक नाही! मुकादम शंकरला फोन लावला.

"कुठं हायस रे?"

"शेतात. तुमी?"

"साईटवर."

"आज?" मग घरादाराचं हसणं ऐकू आलं. "मालक, येळवस हाय! अख्खा जिल्हा शिवारात हाय. या भज्जी-अंबिल घ्यायला."

मामा, वेळ अमावस्येचा एवढा मोठा सण मी विसरलो कसा? मला शेत नाही. दरवर्षी आदल्या सांजेला तुमचीच हाक यायची, "विलास, उद्या रानात यायचं." ह्या वर्षी हाक आली नाही. मला सण माहीत होता, की फक्त तुमचा आवाज?

नवं काम धरायच्या आधी तुम्ही दिवसभर मजुरांसंगं चहा पीत बसायचात. कुणाच्या घरी लगीन, कुणाची जत्रा, कोण ऊसतोडीला जाणार. मी चिडायचो, "मामा, गप्पांनी भिंत उभी राहत न्हाय!" तुम्ही "व्हय बाबा" म्हणून आणखी एक चहा सांगायचात. माझे कान तिखट, टिचकीवर पोकळ गिलावा ओळखतो. मग हे कसं ऐकू आलं नाही? आणि तुम्ही तरी एकदा सांगायचं ना, की हेच काम चाललंय! का तुम्हालाही ते काम वाटत नव्हतं? काही कळत नाही.

मजूर दुसरीकडं लागले, स्लॅब आठ दिवसांनी टाकला. होळी गाठेल का, देव जाणे.

पण शब्द देतो: पुढच्या कामाचा तक्ता काढायच्या आधी एक अख्खा दिवस चहाला बसेन. घड्याळ बघणार नाही.

तुमचा भाचा,
विलास

ता.क. मामीकडं जाऊन आलो. विचारलं, मामा असताना माझी तारीख कधीच कशी चुकली नाही? मामीनं सांगितलं, की माझ्या तारखेत तुम्ही माझ्या नकळत वीस दिवस मिळवायचात आणि मग गिऱ्हाइकाला सांगायचात. दर कामाला.