शिंपी पाखराचं पान

बुद्धपौर्णिमा, संध्याकाळ

आज तरी जंगलात जायले नको होतं. पण बिडीच्या तेंदूपत्त्याचा सीझन थोड्याच दिवसांचा, म्हणून सासूबाई अन् मी पहाटेच गेलो. घाईत मी एका झुडपाचं मोठं पान ओरबाडलं, तर त्याच्यासोबत दुसरंबी आलं. दोन्ही पानं सावरीच्या कापसानं शिवलेली. शिंपी पाखराचं घरटं! अंडी खाली दगडावर फुटली. पाखरू डोक्यावर ओरडत राह्यलं. अन् मी काय केलं? पायानं पाचोळा लोटला वरून.

"काय झालं वो?" सासूबाईनं विचारलं.

"काई नाई."

पानं मात्र ओटीत टाकली. काऊन? सवयीनं, दुसरं काय.

दुपारी पत्त्याचे पुडे बांधताना ती शिवलेली पानं सासूबाईच्या हातात आली. भोकांत कापूस तसाच. "भोकाचं पान चालत नाई," एवढंच बोलून त्यायनं बाजूले ठेवली. म्हणजे ती कामाचीबी नव्हती.

आता घरी वंदना घेतली. जीवहत्या न करण्याचं पहिलं शील आलं अन् माझा आवाजच निघेना. सासूबाई थांबल्या. मी म्हणेपर्यंत त्यायनं दुसरं शील सुरू केलं नाई.