वास मोहफुलांचा नव्हता

साकोली, चैत्र, १९८४

प्रिय धुरपता,

तुझ्या भावाजवळ तू धाडलेला निरोप पोचला. माहेरी राहीन, दुसरी करा म्हणते! अवो, बायको म्हणजे काय बाजारातली भाजी आहे का?

यंदा मोहफूल दणक्यात पडून राहिलं. माय एकटीच वेचायले जाते. मले आपला लग्नानंतरचा पहिला चैत आठवते. तू टोपली घेऊन पुढं, मी मागं, आणि वेचता वेचता अर्धी फुलं तुझ्या तोंडात. मी चिडवलं तर सारी टोपली माझ्या डोक्यावर पालथी केली होती तू. किती हसायची तेव्हा! ते हसणं घरात नाही तर मले करमत नाही.

त्याच फुलांनी आपली लेकरं नेली, असं तू धरून बसली. दोन्ही बाळांच्या लंगोटाले मोह शिजवल्यासारखा गोड वास यायचा, दोघांनीही आठवड्यात दूध सोडलं, आणि पोटुशी असताना तू मोहफुलं खाल्ली होती. माय 'फुलांनी तसं होत नाही' म्हणत राहिली, तू कोणाचं ऐकते?

दुसऱ्या बाळाले नागपूरले नेलं, तेव्हा तू त्याच्या उशाशी होती. मी डॉक्टरीणबाईले वासाचं सांगितलं. वाटलं, हसतील. त्यांनी लंगोट नाकाशी नेला, बाळाची लघवी कागदावर टिपून वाळवली आणि मुंबईले धाडली. तिथं मास स्पेक्ट्रोमीटर नावाची मशीन आहे. लघवीतल्या एकेका जिनसाचे बारीक तुकडे करते आणि तुकड्यांच्या वजनावरून त्याचं नाव सांगते. उत्तर यायच्या आधीच बाळ गेलं. ते उत्तर काल मिळालं.

मोहफुलांचा काहीच संबंध नाही, धुरपता! दूध पचल्यावर जे आम्ल बनते, ते बाळाच्या अंगात मोडतच नव्हतं, साचत होतं. वास त्याचा. आणि हा दोष बाळाच्या एकट्या मायकडून येत नाही. अर्धा तुझा, अर्धा माझा, दोन्ही मिळाले तरच बाळ आजारी पडते. पुढंही चारात एका बाळाले होऊ शकते म्हणतात. औषध डॉक्टरीणबाईंजवळ नाही. तुले खोटं कायले सांगू?

म्हणून लिहून राहिलो. सारा दोष एकटीनं उचलून तू माहेरी बपेऱ्याले जाऊन बसली. आता अर्धा माझा निघाला, तर मी कोणाच्या घरी जाऊन बसू? रविवारी तुमसरवरून एस्टीनं येतो. लेकरू होवो न होवो, मले तू पाहिजे. येशील नं माझ्यासंग?

तुझाच,
टेकचंद